पक्षी मोजायला निघण्यापूर्वी भरतीची वेळ पाहा

प्रति,
महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण, राज्य पाणथळ प्राधिकरण, वन विभागाचा कांदळवन कक्ष, तसेच मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई महानगरपालिका यांचे सन्माननीय अध्यक्ष, सदस्य आणि अधिकारी

विषय : खाडीकाठच्या प्रकल्पांसाठी होणाऱ्या पक्षी सर्वेक्षणांत भरतीची वेळ, महिना आणि भरतीच्या काळातील पक्ष्यांच्या विसाव्याच्या जागा यांची नोंद सक्तीची करण्याबाबत

महोदय, महोदया,

ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर एखादा पूल, जेट्टी, रस्ता, गृहसंकुल किंवा सुशोभीकरण करायचे ठरले की त्याच्या पर्यावरणविषयक अहवालात पक्ष्यांची एक यादी जोडलेली असते आणि त्या यादीच्या शेवटी, या जागेत दुर्मीळ किंवा संकटग्रस्त पक्षी आढळले नाहीत, अशा अर्थाचे एक वाक्य बहुधा असते. हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे. ते लिहिणाऱ्याने खोटे लिहिले असे मला म्हणायचे नाही. त्याला खरोखरच काही आढळले नसेल. परंतु तो तिथे कोणत्या महिन्यात, कोणत्या तिथीला, भरती किती चढलेली असताना आणि कोणते साधन घेऊन उभा होता, हे अहवालात लिहिलेले नसेल, तर त्या वाक्याच्या आधारे आपण कोणताही निर्णय घेऊ नये, एवढीच माझी विनंती आहे. ती पटावी म्हणून खाडीकाठी असे पक्षी प्रत्यक्षात कसे शोधले जातात, हे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे.

जंगलातला पक्षी साधारणपणे सकाळी बोलतो, सकाळी हालचाल करतो, म्हणून जंगलातले सर्वेक्षण सकाळी सहा ते नऊ या वेळात करण्याची पद्धत पडली आणि तीच पद्धत पुढे खाडीलाही लागू झाली. खाडीत मात्र पक्ष्याचा दिवस भरती-ओहोटीने चालतो. ओहोटी लागली की शिवडी, माहुल, वाशी, ऐरोली या पट्ट्यात चिखलाची विस्तीर्ण मैदाने उघडी पडतात आणि चिखलातले किडे, शिंपले, लहान खेकडे टिपणारे पक्षी मागे हटणाऱ्या पाण्याच्या कडेकडेने दूर निघून जातात. काठावर उभ्या असलेल्या माणसाला त्यांच्यापैकी फार तर फ्लेमिंगो, बगळे आणि शेकाटे ओळखू येतात. बाकी सगळे राखाडी ठिपके असतात. भरती चढू लागली की हेच ठिपके पाण्यापुढे सरकत सरकत जवळ येतात, आणि शेवटी चिखल पूर्ण बुडाला की आपापला थवा करून जिथे पायाखाली उघडी जमीन आणि घोट्याएवढे पाणी असेल अशा एखाद्या तळ्यात, मिठागरात किंवा बांधावर जाऊन उभे राहतात. दुर्मीळ पक्षी सापडण्याची शक्यता सर्वात जास्त असते ती या चढत्या भरतीच्या शेवटच्या तासा-दीड तासात आणि नंतरच्या विसाव्याच्या वेळेत.

आता यात घड्याळ कसे फसवते ते पाहा. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा जुना आडाखा सर्वांना ठाऊक आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, आणि अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. थोडाफार फरक पडतो, पण मुंबई बंदरासाठी हा हिशेब अजूनही बऱ्यापैकी जुळतो. याचा अर्थ असा की उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पाणी सर्वात वर चढते आणि पक्षी सर्वात जवळ येतात त्या दिवसांत, सकाळी सहा-सातला नेमकी ओहोटी असते. त्या दिवशी सकाळी सातला शिवडीच्या काठावर वही घेऊन उभा राहिलेला सर्वेक्षक अगदी प्रामाणिकपणे रिकामा चिखल मोजून परत जातो. तोच माणूस साडेदहाला आला असता तर त्याची यादी कदाचित दुपटीने लांबली असती.

शिवडीचाच विषय निघाला आहे तर उजेडाबद्दलही सांगतो. शिवडीचा काठ पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी सूर्य थेट डोळ्यांवर येतो आणि समोरचा प्रत्येक पक्षी काळा दिसतो. तिथे दुपारनंतरची भरती गाठावी लागते. नेरूळच्या बाजूला याच्या उलट : सकाळचा सूर्य पाठीशी असतो आणि रंग, पायांचा पिवळेपणा, चोचीचा बाक सगळे स्वच्छ दिसते. उन्हे तापली की चिखलावरून उठणाऱ्या वाफेने दुर्बिणीतले चित्र थरथरू लागते आणि लांबचा पक्षी ओळखणे अशक्य होते, हा आणखी एक अडथळा. खाडीकाठी नियमित जाणारे लोक या गोष्टी जमेस धरूनच घरातून निघतात. कोणत्या काठावर कोणत्या वेळी उभे राहायचे, हे त्यांचे आदल्या दिवशीच ठरलेले असते. सर्वेक्षणाच्या कार्यादेशात मात्र या बाबींचा उल्लेख मी अजून वाचलेला नाही.

हिवाळ्यातल्या भरतीची आणखी एक खोड आहे आणि ती फारशी लक्षात घेतली जात नाही. पावसाळ्यात मोठे उधाण दुपारी येते, म्हणूनच महापालिका त्या तारखांच्या सूचना काढते. डिसेंबर-जानेवारीत हे उलटते. त्या महिन्यांतल्या उधाणात मध्यरात्रीची भरती पाच मीटरच्या आसपास जाते, तर त्याच दिवशी दुपारची भरती चार मीटरच्या जरा वर येऊन थांबते. म्हणजे परदेशातून आलेले हजारो पक्षी ज्या काळात इथे असतात, त्या काळात सर्वात जास्त चिखल बुडतो तो मध्यरात्री, आणि विसाव्याच्या जागेची सर्वाधिक गरजही त्यांना त्याच वेळी लागते. मध्यरात्री सर्वेक्षण कोणी करत नाही. दुपारी रिकामे दिसलेले तळे रात्री भरलेले असू शकते, ही शक्यता तरी अहवालात लिहायला हवी की नाही?

भरतीच्या वेळी नेरूळच्या एखाद्या तळ्यात जमलेला थवा कसा तपासतात, तेही पाहू. दोन-चार हजार पक्षी एकमेकांना खेटून, वाऱ्याकडे तोंड करून, बरेचसे एका पायावर उभे असतात. उंचीप्रमाणे त्यांचे आपोआप थर पडतात : खोल पाण्यात फ्लेमिंगो, त्यांच्या अलीकडे उचाटे आणि पाणटिवळे, आणि अगदी कडेच्या ओल्या चिखलावर मुठीएवढेही नसलेले टिलवे आणि चिखले. तिपाईवर लावलेली, वीस ते साठ पट मोठे दाखवणारी दुर्बीण एका टोकाला रोखायची आणि तांदूळ निवडावेत तसा एकेक पक्षी पाहत दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची. हिवाळ्यात यातल्या बहुतेक लहान पक्ष्यांचा पिसारा वरून राखाडी आणि खालून पांढरा असतो, त्यामुळे रंगाचा उपयोग जवळजवळ नाही. पाहायचे असते ते बांध्याकडे, चोचीकडे, चालीकडे. शंभर छोट्या टिलव्यांमध्ये एकाची चोच जरा जास्त लांब, बुडाशी रुंद आणि टोकाशी अचानक खाली वाकलेली दिसते. तो पाठमोरा असतो, डोके पंखात खुपसलेले असते. दहा-पंधरा मिनिटांनी शेजारच्याने ढोसल्यावर तो डोके वर काढतो आणि डोळ्यावरची पांढरी भुवई एक नसून दोन आहेत, हे दिसते. तो ब्रॉड-बिल्ड सँडपायपर. स्कँडिनेव्हियाच्या उत्तर भागात आणि सायबेरियात घरटी करणारा हा पक्षी ठाणे खाडीत दरवर्षी थोड्या संख्येने येतो. साध्या दुर्बिणीने, चालता चालता केलेल्या सर्वेक्षणात तो छोटा टिलवा म्हणूनच नोंदला जाणार, यात शंका नाही.

टेरेक सँडपायपरची गोष्ट थोडी सोपी आहे. वर वळलेली चोच, आखूड नारिंगी-पिवळे पाय आणि खेकड्यामागे मान खाली घालून वेडीवाकडी धाव घेण्याची सवय यामुळे तो लांबूनही उठून दिसतो, परंतु फक्त चरत असताना. विसाव्याला बसला की तोही राखाडी गर्दीत मिसळून जातो. ग्रेट नॉटसारखा पक्षी तर या किनाऱ्यावर इतका विरळ आहे की त्याची नोंद झाली की पक्षीनिरीक्षक ठाणे-पालघरपासून धाव घेतात. तो पाणटिवळ्यांच्या पायाशी, त्यांच्या सावलीत उभा राहतो आणि पाणटिवळ्यांची संख्या मोजण्याच्या घाईत असलेल्या माणसाला तो दिसत नाही.

जेट्ट्यांवरच्या कुरवांबाबतही हाच अनुभव आहे. भाऊचा धक्का, ससून डॉक, गेटवे ते मांडवा आणि घारापुरीच्या बोटी, गिरगावची चौपाटी, या सगळ्या ठिकाणी नोव्हेंबरपासून कुरवांचे थवे असतात आणि बोटीवरचे प्रवासी त्यांना गाठी-शेव भरवतात. (हा प्रकार बंद व्हावा असे मला मनापासून वाटते, पण तो या पत्राचा विषय नाही.) अहवालांत यांची नोंद ‘सीगल’ या एका शब्दात उरकलेली असते. प्रत्यक्षात त्या थव्यात बहुतेक तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे कुरव असतात. हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी असतात आणि दोघांच्याही कानामागे काळा डाग असतो, त्यामुळे फरक करायचा तो पंखाच्या टोकावरून आणि डोळ्यावरून : तपकिरी डोक्याच्याचे पंख टोकाशी काळे आणि त्यात पांढरे ठिपके, डोळा फिका, तर काळ्या डोक्याच्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला पांढरा पट्टा आणि डोळा गडद. या गर्दीत एखादा लांब मानेचा, उतरत्या कपाळाचा, कानामागचा डाग जवळजवळ नसलेला स्लेंडर-बिल्ड गल असतो. फेब्रुवारीत इतर सगळे पांढऱ्या डोक्याचे असताना एखादा धिप्पाड कुरव पूर्ण काळे डोके आणि लाल-काळ्या पट्ट्याची पिवळी चोच घेऊन उतरतो, तो पल्लासचा कुरव. हे पाहायला कोणत्याही परवानगीची किंवा महागड्या साधनाची गरज नाही. गरज आहे ती ‘सीगल’ लिहून पुढे न जाण्याची.

आता महिन्यांचा प्रश्न. हिवाळी पाहुणे म्हटले की आपल्या मनात डिसेंबर-जानेवारी येतो. चिखलातले लहान पक्षी मात्र ऑगस्टच्या शेवटीच उतरू लागतात, त्या वेळी पावसाळाही सरलेला नसतो आणि त्यांच्या अंगावर उत्तरेकडच्या विणीच्या हंगामातला विटका तांबूस पिसारा शिल्लक असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही जाती फक्त वाटेत थांबतात आणि दक्षिणेकडे निघून जातात. मार्च-एप्रिलमध्ये त्या परततात, पुन्हा तांबूस होऊन, आणि मग ओळखायलाही सोप्या असतात. एप्रिल संपेपर्यंत यातले बहुतेक गेलेले असतात. फ्लेमिंगो मात्र मे महिन्याच्या अखेरीपर्यंत, कधी त्याहीपुढे, खाडीत असतात.

पर्यावरण आघात मूल्यांकनासाठी पावसाळा वगळून एका हंगामाची पायाभूत माहिती घेतली तरी चालते, ही सध्याची पद्धत आहे. हा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी असू शकतो, तसाच मार्च ते मे असाही असू शकतो, आणि प्रकल्पाचे वेळापत्रक ज्याला सोयीचे असेल तो निवडला जातो. दुसरा हंगाम निवडला तर अहवालात फ्लेमिंगो ठळकपणे येतात, त्यांच्यासाठी उपाययोजनांचे एक प्रकरण येते, आणि शेजारच्या चिखलावर पाच महिने वावरलेल्या डझनभर जाती अहवालापुरत्या अस्तित्वातच नसतात. फ्लेमिंगोवर माझा राग नाही. ठाणे खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली, यात त्या गुलाबी पक्ष्याचा वाटा मोठा आहे. पण जो पक्षी अर्ध्या मैलावरून आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातही दिसतो, त्याच्याच मापाने सगळी खाडी मोजण्याची सवय आपल्याला लागली आहे आणि ती सोडायला हवी.

‘सामान्य’ या शेऱ्याबद्दलही फेरविचार करावा लागेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत किनारपक्ष्यांच्या अनेक जातींची श्रेणी एकाच वेळी खालावली. कर्ल्यू सँडपायपर, ग्रे प्लव्हर आणि ब्रॉड-बिल्ड सँडपायपर या तिन्ही जाती आता ‘असुरक्षित’ गटात आहेत. ग्रेट नॉट त्याआधीपासूनच ‘संकटग्रस्त’ आहे. यातला कर्ल्यू सँडपायपर आपल्या खाडीत आजही शेकड्यांनी दिसतो आणि म्हणूनच अहवालात त्याच्यापुढे ‘सामान्य’ असे लिहिले जाते. इथे शेकड्यांनी दिसणारा पक्षी जगभर कमी होत असेल, तर ज्या तळ्यात तो शेकड्यांनी उतरतो त्या तळ्याचे मोल वाढते. जुन्या अहवालातील श्रेणी नव्या अहवालात जशीच्या तशी उतरवली जाते, असे निदर्शनास आल्यास प्राधिकरणाने तो अहवाल परत पाठवावा.

खरी अडचण पुढे आहे. हे पक्षी ओहोटीला जिथे चरतात त्या चिखलाला कायद्याचे काही ना काही संरक्षण आहे. भरतीला जिथे उभे राहतात त्या जागांना बहुतांशी नाही. २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत सर्वाधिक संवेदनशील वर्गात कांदळवने, जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलपट्टे, मिठाच्या दलदली आणि पक्ष्यांची घरटी करण्याची ठिकाणे यांचा समावेश आहे. सायबेरियातून आलेला पक्षी इथे घरटे करत नाही, तो इथे जगायला येतो, त्यामुळे त्याच्या विसाव्याची जागा या व्याख्येत बसत नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांनी मीठ उत्पादनासाठी तयार केलेल्या जागा पाणथळ या संज्ञेतूनच वगळल्या आहेत, त्यामुळे मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग, वडाळा येथील मिठागरे तिथेही बाहेर राहतात. आणि ठाणे खाडीचे अभयारण्य ऐरोली आणि वाशी या पुलांच्या दरम्यान आहे, त्यामुळे शिवडीचा चिखल, नेरूळची तळी आणि उरणजवळचे पांजे येथील पाणथळ हे सारे अभयारण्याच्या हद्दीबाहेर पडते. कागदावर तीन स्वतंत्र चौकटी आहेत आणि भरतीच्या वेळी पक्षी नेमका या तिन्हींच्या बाहेर उभा असतो.

मिठागर का लागते, हे विचारले जाते. उथळ पाणी, उघडे बांध आणि चहूकडे मोकळी दृष्टी, एवढेच कारण आहे. बहिरी ससाणा किंवा मार्श हॅरियर कोणत्याही दिशेने आला तरी थव्यातल्या कोणाला तरी तो आधी दिसतो. त्याच जागी उंच गवत किंवा झाडी वाढली की थवा तिथे उतरत नाही. म्हणून एक अप्रिय वाटणारी गोष्ट कांदळवन कक्षाला उद्देशून लिहितो. कांदळवन हे या किनाऱ्याचे मोठे वैभव आहे, २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालाने त्याला मिळालेले संरक्षण योग्यच आहे, आणि कक्षाने गेल्या दशकात केलेले काम मी जवळून पाहिले आहे. परंतु उघड्या चिखलावर किंवा विसाव्याच्या तळ्यात कांदळाची रोपे लावणे म्हणजे संवर्धन नव्हे. ती जागा त्या पक्ष्यांसाठी कायमची बंद होते. भरपाई म्हणून होणाऱ्या लागवडीसाठी जागा निवडताना तिथे भरतीच्या वेळी कोण उभे असते, हे आधी पाहिले जावे.

विसाव्याची जागा गेली तर पक्षी दुसरीकडे जातील, असे एक उत्तर नेहमी मिळते. कधी कधी जातात. कधी ते पूर्ण भरतीभर हवेतच घिरट्या घालत राहतात आणि ज्या चरबीवर त्यांना एप्रिलमध्ये हजारो किलोमीटरचा पल्ला गाठायचा असतो ती चरबी इथेच जाळतात. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळच्या एका तळ्यात खाडीचे पाणी येण्याची वाट बंद झाल्याने ते कोरडे पडले, विस्कटलेले फ्लेमिंगो रस्त्यांवर उतरले आणि काही मेले, हे वर्तमानपत्रांतून आपण सर्वांनी वाचले आहे. फ्लेमिंगो रस्त्यावर पडला की दिसतो. त्याच तळ्यावर विसंबून असलेला पंचवीस ग्रॅमचा टिलवा कुठे पडला, हे कोणालाही कळलेले नाही. नवी मुंबई विमानतळाच्या सुरक्षिततेचा मुद्दाही इथे पुढे केला जातो. तो गंभीर आहे आणि म्हणूनच, नेहमीच्या तळ्यातून उठवलेले थवे कोणत्या वाटेने आणि किती उंचीवरून उडतील, याचा अभ्यास तळे बुजवण्याच्या आधी झाला पाहिजे.

या सगळ्याच्या अनुषंगाने माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. खाडीकाठच्या कोणत्याही प्रकल्पाच्या पक्षी सर्वेक्षणात प्रत्येक भेटीची तारीख, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, त्या दिवसाच्या पूर्ण भरतीची वेळ व उंची, वापरलेले साधन आणि निरीक्षकाचा अनुभव लिहिणे बंधनकारक करावे. ही माहिती नसलेला अहवाल अपूर्ण समजून परत पाठवावा. सर्वेक्षण किमान सप्टेंबर-ऑक्टोबर, डिसेंबर-जानेवारी आणि मार्च-एप्रिल या तिन्ही काळांत व्हावे आणि प्रत्येक काळात उधाणाच्या तसेच भांगाच्या, म्हणजे पाणी कमी चढते त्या, दिवसांत व्हावे, कारण भांगाच्या भरतीत थोडा चिखल उघडा राहतो आणि पक्ष्यांची पांगापांग वेगळी असते. प्रकल्पाच्या जागेबरोबरच तिच्या आसपासची विसाव्याची ठिकाणे एकाच भरतीत, एकाच वेळी, निरनिराळ्या लोकांनी मोजावीत. एकाच गटाने सोमवारी शिवडी आणि गुरुवारी नेरूळ मोजले तर तेच पक्षी दोनदा मोजले जातात किंवा एकदाही मोजले जात नाहीत.

दुसरी मागणी नकाशाची आहे आणि माझ्या दृष्टीने ती सर्वात महत्त्वाची आहे. मुंबई महानगर प्रदेशातील पक्ष्यांच्या भरतीकालीन विसाव्याच्या जागांचा एक अधिकृत नकाशा राज्य पाणथळ प्राधिकरण आणि कांदळवन कक्षाने मिळून तयार करावा, त्यात मिठागरे आणि मानवनिर्मित तळीही घ्यावीत, आणि किनारा क्षेत्राचे आराखडे व विकास आराखडे बनवताना तो समोर ठेवावा. यासाठी शून्यातून सुरुवात करण्याची गरज नाही. आशियाई पाणपक्षी गणना भारतीय उपखंडात १९८७ पासून दर जानेवारीत होत आहे, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने ठाणे खाडीत पक्ष्यांच्या पायांत कडी घालून आणि काही फ्लेमिंगोंना उपग्रहाशी जोडलेली यंत्रे लावून त्यांच्या हालचालींचा मागोवा घेतला आहे, आणि पक्षीनोंदींच्या ‘ईबर्ड’ या संकेतस्थळावर या खाडीच्या हजारो याद्या तारीख-वेळेसह उपलब्ध आहेत. या नोंदी आणि भरतीचे तक्ते शेजारी ठेवून पाहिले तर कोणते तळे कोणत्या उंचीच्या भरतीला भरते, हे बरेचसे आजच सांगता येईल.

तिसरी गोष्ट छोटी आहे. सर्वेक्षणाची मूळ आकडेवारी, केवळ सारांश नव्हे, लोकांना पाहता येईल अशा रीतीने प्रसिद्ध करावी आणि जनसुनावणीपूर्वी किमान एक भरतीचक्र, म्हणजे पंधरा दिवस, ती प्रत्यक्ष जागेवर ताडून पाहण्याची संधी द्यावी. त्यासाठी काठावर उभे राहण्याची जागाही हवी. गेल्या काही वर्षांत खाडीच्या दोन्ही बाजूंना पत्रे, कुंपणे आणि सुरक्षारक्षक वाढले आहेत आणि जिथून पूर्वी थवे नियमित पाहता येत, अशा काही जागा बंद झाल्या आहेत. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून भरतीची वेळ पाहून बोटी सोडल्या जातात, तो उपक्रम चांगला आहे, पण बोटीतून विसाव्याची तळी दिसत नाहीत. थव्यांपासून पुरेशा अंतरावर, आडोसा असलेली, पायी जाता येईल अशी तीन-चार ठिकाणे दोन्ही काठांवर निश्चित केली तरी पुष्कळ होईल. त्या ठिकाणांच्या पुढे जाण्यास आम्हालाही मनाई असावी. चांगल्या छायाचित्रासाठी विसाव्यातला थवा उठवणारे आमच्यातही आहेत, आणि त्यांना दंड झाला तर माझ्यासारख्या अनेकांची हरकत नसेल.

नवी पदे, नवे महामंडळ किंवा मोठा निधी मी मागितलेला नाही. कार्यादेशाचा नमुना बदलणे आणि एक नकाशा तयार करणे, ही दोन्ही कामे आपल्या सध्याच्या अधिकारात बसतात. ऑगस्टच्या शेवटी पक्षी परत येऊ लागतील, त्यापूर्वी कार्यादेशाचा सुधारित नमुना निघाला तर येत्या हंगामाच्या सर्वेक्षणांना तो लागू करता येईल. नकाशाच्या कामासाठी भरतीच्या दिवशी दोन्ही काठांवर दुर्बीण घेऊन उभे राहायला खाडीकाठचे अनेक पक्षीनिरीक्षक विनामूल्य तयार आहेत. आपल्या कार्यालयाने तारीख कळवावी, आणि ती निवडताना द्वादशी ते पौर्णिमा किंवा द्वादशी ते अमावस्या यांतली निवडावी, म्हणजे सकाळी नऊ ते बारा या सोयीच्या वेळेत पूर्ण भरती मिळेल.

कळावे,

आपला,
ठाणे खाडीकाठचा एक पक्षीनिरीक्षक